अर्धा पैसा

"ताई, कागदावर अठ्ठावीस तेरा हाय आणि पावतीवर अठ्ठावीस बारा. एक पैसा कुठं गेला?"

नोव्हेंबर २०१९ मधली सकाळ, साडेसहाची वेळ. वाळवा तालुक्यातल्या एका गावात, दूध संस्थेच्या दारात एका मावशींनी मला हे विचारलं. मागं रांग, किटल्यांची खळखळ, आत मशीनवर फॅट लागत होती. मावशींच्या एका हातात नुकतीच निघालेली पावती, दुसऱ्या हातात संस्थेनं सभासदांना वाटलेलं छापील दरपत्रक. फॅट साडेतीन, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आठ पूर्णांक सहा, त्या घरावर त्यांनी नखानं खूण केली होती. सेक्रेटरी अण्णा आतून म्हणाले, "जाऊ द्या की मावशी, पैसाच हाय एक." त्यावर मावशी म्हणाल्या, "एकच असू दे, खरं गेला कुठं?"

आमच्या सांगलीकडं 'खरं' म्हणजे 'पण'. त्या सकाळी मला तो शब्द दोन्ही अर्थांनी ऐकू आला.

कारण तो पैसा माझ्याकडून गेला होता. मशीनच्या चिपमधला दराचा तक्ता मी बनवलेल्या प्रोग्रॅममधून निघालेला होता, आणि त्या प्रोग्रॅमची एक ओळही मी बदललेली नव्हती. निदान दराच्या हिशेबाची तरी नाही.

जरा सविस्तर सांगते. दूध संकलनाच्या मशीनमध्ये एक छोटी चिप असते. तिला दर वेळी गुणाकार-भागाकार करायला लावण्यापेक्षा तयार तक्ता देणं सोपं आणि भरवशाचं. गाईच्या दुधाला आधाररेषा साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ. त्या वेळच्या त्या संस्थेच्या दरपत्रकात त्या घराला २८ रुपये होते. फॅटच्या प्रत्येक पॉइंटला, म्हणजे एक दशांशाला, ३० पैसे वर किंवा खाली, एसएनएफच्या प्रत्येक पॉइंटला साडेबारा पैसे. फॅट ३ ते ५ म्हणजे २१ रकाने, एसएनएफ ८ ते ९ म्हणजे ११ ओळी. एकूण २३१ घरं. एवढे आकडे हातानं टाइप करायचे म्हणजे चूक ठरलेली. म्हणून २०१३ साली मी पायथन या संगणकाच्या भाषेत एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिली. ती दरपत्रकाचे नियम वाचायची आणि चिपसाठी लागणारा सी भाषेतला कोड स्वतः लिहून द्यायची. दर बदलला की स्क्रिप्ट चालवा, नवी फाइल घ्या, चिपमध्ये भरा. कोड लिहिणारा कोड. सहा वर्षं त्यानं एकदाही दगा दिला नाही.

मग ऑगस्टमध्ये पूर आला.

२००५ चा पूर पाहिलेल्या माणसांनाही २०१९ चा पूर समजला नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर गेलं. आमचं ऑफिस गावभागात, तळमजल्यावर. आम्ही फायली माळ्यावर टाकल्या, मशीनचे सुटे भाग पोत्यांत भरून वरच्या मजल्यावरच्या काकूंकडं नेले, आणि टेबलाखालचा जुना पीसी टेबलावर ठेवला. टेबलावर पाणी येईल हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पाणी ओसरल्यावर कुलूप काढलं तेव्हा भिंतींवर माझ्या डोक्याच्या वर चिखलाची रेघ होती. पीसी त्या चिखलात आडवा पडला होता.

मला त्याचं फार वाईट वाटलं नाही, हे कबूल करायला हवं. स्क्रिप्टची प्रत ईमेलवर होती, दरपत्रकं होती, नियम होते. जे जपायचं ते जपलंय असं मी सगळ्यांना सांगितलं. स्क्रिप्टमधून निघालेल्या सी फायली मात्र मी कधीच जपल्या नव्हत्या. कशाला जपायच्या? स्क्रिप्ट आहे तोवर हव्या तेव्हा पुन्हा निघतील. आणि त्या पीसीवरचं पायथन? ते तर फुकट मिळतं.

नवा लॅपटॉप घेतला. जुन्या पीसीवर पायथन २.७ होतं. त्या मालिकेची मुदत १ जानेवारी २०२० ला संपणार, हे पायथनवाल्यांनी कधीचं जाहीर केलेलं. चार महिन्यांनी मरणारी गोष्ट कशाला चढवायची, म्हणून मी ३.७ चढवलं. जुनी स्क्रिप्ट नव्या भाषेत आणायला 'टू-टू-थ्री' नावाचं एक साधन पायथनसोबतच यायचं, त्यातून ती काढली. त्यानं छपाईच्या ओळींना कंस घातले, आणखी चार बदल केले. पहिल्याच वेळी स्क्रिप्ट एका ओळीवर थांबली. तक्त्याचा मधला रकाना शोधायला मी २१ ला २ नं भागलं होतं. जुन्या पायथनमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच यायचा, १०. नव्यात १०.५ आला, आणि साडेदहावा रकाना काही सापडेना. मी पूर्णांकच देणारा, दोन तिरक्या रेघांचा भागाकार घातला, स्क्रिप्ट चालली, फाइल निघाली, सी कंपायलरनं, म्हणजे तो कोड चिपला कळेल असा करणाऱ्या प्रोग्रॅमनं, विनातक्रार घेतली. ओरडणाऱ्या चुकीचे उपकारच असतात. ती जिथं आहे तिथूनच हाक मारते.

पुराच्या पट्ट्यातल्या चार संस्थांना आम्ही नवं फर्मवेअर, म्हणजे चिपमधला प्रोग्रॅम, भरून दिलं.

पहिला फोन सप्टेंबरमध्ये आला, दहा दिवसांचं बिल काढायच्या दिवशी. "ताई, मशीन म्हणतंय गाईला आठ-सहा फॅट!" गाईच्या दुधाला एवढी फॅट लागत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. एसएनएफच्या जागी फॅट आणि फॅटच्या जागी एसएनएफ वाचलं जात होतं. तेही फक्त नवं फर्मवेअर भरण्याआधीच्या नोंदींत. नंतरच्या नोंदी बरोबर.

हे शोधायला मला दोन रात्री लागल्या. मशीनच्या मेमरीत प्रत्येक नोंद ठरावीक क्रमानं बसते: सभासद क्रमांक, पाळी, लिटर, फॅट वगैरे. तो क्रमही माझी स्क्रिप्टच ठरवायची, आणि ती नावं मी पायथनच्या डिक्शनरीत ठेवली होती. डिक्शनरी म्हणजे नाव सांगितलं की किंमत देणारी पेटी. जुन्या पायथनमध्ये या पेटीतून नावं कुठल्या क्रमानं बाहेर पडतील याची हमी कधीच नव्हती. माहितीपत्रकात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण त्याच पीसीवर, त्याच २.७ वर, तीच नावं दर वेळी त्याच क्रमानं यायची. सहा वर्षं आली. आणि मी त्या सवयीलाच वचन समजले.

पुढं वाचत गेले तसा मोठा इतिहास निघाला. २०११ च्या अखेरीस सुरक्षेवर काम करणाऱ्यांनी दाखवून दिलं, की मुद्दाम निवडलेली नावं पाठवून अशा पेट्यांत कोंडी करता येते आणि अख्खा सर्व्हर ठप्प पाडता येतो. त्यावर उपाय म्हणून २०१२ मध्ये पायथन ३.३ पासून नावांची मांडणी दर वेळी मुद्दाम विस्कटायला लागली. तीच स्क्रिप्ट सकाळी एक क्रम देई, संध्याकाळी दुसरा. मग ३.६ मध्ये पेटीची अंतर्गत रचना बदलली आणि नावं ज्या क्रमानं आत टाकली त्याच क्रमानं बाहेर येऊ लागली. तेव्हा तो नुसता आतला तपशील होता. २०१८ च्या ३.७ मध्ये त्याची हमी मिळाली. म्हणजे माझी एकच स्क्रिप्ट २.७ वर एक न बदलणारा पण निव्वळ योगायोगाचा क्रम देते, ३.५ वर दर वेळी वेगळा, आणि ३.७ वर मी लिहिलेला. तिन्ही वेळा स्क्रिप्ट बरोबर चालली असंच म्हणायचं. इतकंच काय, ३२ बिटांच्या २.७ वर एक क्रम असेल तर ६४ बिटांच्या २.७ वर तो निराळाही असू शकतो.

जुना क्रम आता आणायचा कुठून? पीसी गेला, निघालेल्या फायली कधी ठेवल्या नाहीत. शेवटी जत तालुक्यातल्या एका संस्थेचं मशीन उपयोगी पडलं. कृष्णाकाठ बुडाला त्या महिन्यात जतला माणसं आभाळाकडं बघत होती. आमच्या जिल्ह्याची ही एक ठसठस आहेच. तिथं पुराचा प्रश्न नव्हता, म्हणून मशीन जुनंच होतं. मी एसटीनं गेले, त्याची मेमरी बाइट-बाइट उतरवून घेतली, त्या दिवशीच्या पावत्यांशी एकेक आकडा जुळवला आणि क्रम कागदावर लिहिला. परतीच्या गाडीत तो कागद मी चार वेळा काढून बघितला. सहा वर्षं माझ्या हातून निघालेल्या गोष्टीचा आराखडा मी पहिल्यांदाच अक्षरांत लिहिलेला बघत होते.

क्रमाचा घोळ मिटला आणि मला वाटलं, सुटलो. स्क्रिप्टकडं मी पुन्हा वळूनही बघितलं नाही. मग नोव्हेंबरमध्ये मावशींचा पैसा निघाला.

हा घोळ ओरडला नव्हता. एसएनएफ आठ-सहा म्हणजे आधाररेषेपेक्षा एक पॉइंट वर. २८०० पैशांत साडेबारा मिळवले की २८१२.५. अर्धा पैसा देता येत नाही, म्हणून स्क्रिप्ट पायथनच्या 'राउंड'ला सांगायची, जवळचा पूर्णांक दे. जुनं पायथन अर्ध्याला वर ढकलायचं: २८१३. आपल्याला शाळेत शिकवलं तसंच. पायथन ३ मध्ये नियम बदलला. नेमका अर्धा आला तर सम आकड्याकडं जायचं. २८१२ सम आहे, म्हणून २८१२. आणि गंमत अशी की सगळीच अर्ध्याची घरं बिघडत नाहीत. तीन पॉइंट वरचं घर २८३७.५, त्याचा जवळचा सम आकडा २८३८, जो जुन्या नियमानंही तोच. फरक पडतो फक्त आठ-दोन, आठ-सहा आणि नऊच्या ओळीत. २३१ घरांपैकी ६३ घरांत एक पैसा कमी. दरपत्रक चाळणाऱ्याची नजर बहुतेक ठिकाणी जुळलेल्या आकड्यांवरच पडेल. मीही तसंच केलं होतं. फर्मवेअर देताना दहा घरं तपासली, दहाही बरोबर निघाली.

'टू-टू-थ्री'ला यातलं काही दिसत नाही. ते वाक्यरचना बदलतं. 'राउंड' दोन्हीकडं 'राउंड'च, भागाकाराची तिरकी रेघ दोन्हीकडं तिरकी रेघच. शब्द तोच राहून अर्थ बदलला की साधन काय करणार.

पायथन करणाऱ्यांचं यात चुकलं असं मला वाटत नाही, आणि हे मी रागाच्या भरात नाही, विचार करून लिहिते आहे. लाखो आकड्यांची बेरीज करायची असेल आणि प्रत्येक अर्धा वरच ढकलला, तर बेरीज हळूहळू फुगत जाते. समाकडं ढकलला तर अर्धे वर, अर्धे खाली, एकूण तोल राहतो. शास्त्राच्या हिशेबात तेच योग्य. पण मावशींचं दूध म्हणजे लाखो आकड्यांतला एक आकडा नव्हे. त्यांची गाय एकच, आणि तिचं एसएनएफ महिनोन्‌महिने आठ-सहाच्या आसपास लागतं. तोल सांभाळणारा दुसरा अर्धा त्यांच्या वाट्याला कधी येणारच नाही. वर संस्थेनं छापून दिलेलं दरपत्रक आहे. ते एक वचनच आहे, आणि त्यात अर्धा पैसा सभासदाच्या बाजूनं धरलेला आहे. कुठल्या बाजूनं पूर्ण करायचं हे ठरवणं त्या गावाचं काम होतं. मी ते भाषेच्या आवृत्तीवर सोडलं होतं.

त्या रात्री मी स्क्रिप्टची ओळ न्‌ ओळ वाचली आणि आणखी एक सापडलं, ते मात्र वेळेत. पावतीवर केंद्राचं नाव मराठीत छापतात, त्यासाठी ३२ बाइटची जागा. नाव मोठं असेल तर स्क्रिप्टनं थांबावं असा नियम मी घातला होता. आता 'सांगली' या शब्दाची लांबी किती? आपण वाचतो तीन अक्षरं. पायथन २ ला यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची एक पद्धत, तिच्यात मराठीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं) मधला साधा मजकूर म्हणून दिलं तर ते बाइट मोजतं, १८. पायथन ३ काने-मात्रे-अनुस्वार वेगळे धरून चिन्हं मोजतं, ६. तिघांचंही मोजणं आपापल्या जागी बरोबर. पण 'कवठेमहांकाळ' घ्या. बाइट ३३, चिन्हं ११. जुन्या पायथननं ३३ बघून हटकलं होतं, म्हणून आम्ही 'क. महांकाळ' लिहायचो. नव्यानं ११ मोजून सोडून दिलं असतं, आणि पुढं ३२ बाइटवर कात्री लागून शेवटच्या 'ळ'चा एक बाइट तुटला असता. उरलेल्या दोन बाइटांचं कुठलंच अक्षर होत नाही. पावतीवर 'कवठेमहांका' आणि पुढं एक चौकोन. मला त्या 'ळ'चं पैशापेक्षाही जास्त वाटलं, का ते सांगता येणार नाही.

आमच्या विश्रामबागेतल्या कॉलनीत एक रत्नागिरीकडचं कुटुंब आहे. त्यांच्याकडं टिळक पंचांग, आमच्याकडं दाते. एरवी काही फरक जाणवत नाही, पण मधूनच असं एखादं वर्ष येतं की त्यांची दिवाळी आमच्याआधी महिनाभर होऊन जाते. आकाशातला सूर्य तोच, चंद्र तोच. राशीचक्राचा आरंभ कुठून धरायचा, रेवती नक्षत्रातल्या ताऱ्याच्या हिशेबानं की चित्रेच्या, यावर दोन्ही पंचांगांत सुमारे चार अंशांचा फरक आहे. त्यामुळं संक्रांती सरकतात, अधिक महिना वेगळा पडतो. लहानपणी मला यात कोण चूक हा प्रश्न पडायचा. आजी म्हणायची, "चूक कोण नाही गं. त्यांच्या भिंतीवरचं बघून आपला उपास धरू नये, एवढंच." पंचांगाच्या पहिल्या पानावर ते कुणाच्या गणितानं केलंय हे छापलेलं असतं. आजीचा सगळा भरवसा त्या पानावर होता.

माझ्या स्क्रिप्टमधून निघणाऱ्या फाइलला तसं पहिलं पान नव्हतं. आता आहे. पहिल्या ओळीत पायथनची आवृत्ती, स्क्रिप्टची आवृत्ती, दरपत्रकाचा क्रमांक. तारीख-वेळ मात्र मी मुद्दाम लिहीत नाही. ती घातली की प्रत्येक फाइल आधीच्या फाइलपेक्षा वेगळी दिसते आणि तुलना करण्यात अर्थ राहत नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीसारख्या प्रकल्पांतली माणसं कित्येक वर्षं याच कामाला लागली आहेत, की त्याच मूळ कोडातून, कुठल्याही मशीनवर, बिट न्‌ बिट तेच बाहेर यावं. वाचताना वाटलं, हे आपल्यापेक्षा फार मोठं काम आहे, पण दुखणं तेच.

नोंदीतला क्रम आता डिक्शनरीवर सोडलेला नाही. प्रत्येक नावापुढं त्याचा नंबर लिहिलाय, जतच्या कागदावरून. पूर्णांक करायला पायथनमधलं 'डेसिमल' हे साधन वापरते आणि अर्धा वर, हे शब्दांत सांगते. आणि निघालेली फाइलसुद्धा गिटमध्ये, म्हणजे फायलींच्या सगळ्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, ठेवते. पुष्कळ जण म्हणतात, बनवता येणारी गोष्ट साठवू नये, कचरा होतो. मी कधी काळी हेच म्हणत होते. आता पायथन बदललं की आधी जुन्या आणि नव्या फाइलची डिफ, म्हणजे फरकांची यादी, काढते आणि चहा घेऊन बसते. कधी पानभर लाल-हिरवं दिसतं आणि आत काही नसतं. ३.८ वर गेल्यावर अहवालाच्या एक्सएमएल फायली अशाच रंगल्या होत्या, कारण तोवर पायथन त्यातल्या नावांची वर्णक्रमानं मांडणी करायचं, ३.८ पासून लिहिलेला क्रम तसाच ठेवू लागलं. मजकूर तोच होता. तरी सगळी पानं वाचली. वाचल्याशिवाय ते कळलं नसतं.

त्या वेळी चारही संस्थांचा हिशेब काढला. रोजच्या नोंदी होत्याच. कोणत्या सभासदाचं किती लिटर त्या तीन ओळींत बसलं ते मोजलं. चारही मिळून रक्कम चारशे रुपयांच्या आत. आमच्या ऑफिसनं ती भरली. अण्णा म्हणत होते, एवढ्याशासाठी कशाला, संस्थेच्या किरकोळीत टाकू. पण मी म्हटलं, ज्याच्या त्याच्या बिलात जाऊ द्या.

पुढच्या दहा दिवसांच्या बिलांत 'दरफरक' अशी एक ओळ वाढली. मी त्या सकाळी मुद्दाम गेले होते. मावशींच्या बिलात ७२ पैसे होते. त्यांनी पेंडीची कपात बघितली, लिटर बघितले, मग त्या ओळीवर बोट ठेवून वाचलं, आणि बिल चौघडी करून कमरेच्या पिशवीत ठेवलं. किटली उचलली. दोन पावलं गेल्या आणि वळल्या.

"ताई, हे गाईचं झालं. म्हशीचा कागद बघितला का?"

म्हशीचा तक्ता त्याच स्क्रिप्टमधून निघत होता. नव्या फर्मवेअरमध्ये तोही सुधारला होता. पण मागच्या तीन महिन्यांचा म्हशीच्या दुधाचा हिशेब मी काढलाच नव्हता. अण्णांनी टेबलावरची जागा मोकळी करून दिली. मी लॅपटॉप पुन्हा उघडला.